‘गांजा कायदेशीर करावा’ हा विषय कनिष्ठ महाविद्यालयाच्या वादविवादासाठी घ्यावा का? जाणकारांचे मत आणि माहिती हवी आहे

जुई_जेलरोड

नमस्कार. मी नाशिकरोड भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि वादविवाद मंडळाचे काम पाहते. यंदाच्या अंतर्गत स्पर्धेचे विषय विद्यार्थ्यांनीच सुचवावेत असे ठरले, तेव्हा सर्वाधिक चिठ्ठ्या एकाच विषयाच्या निघाल्या : ‘गांजा कायदेशीर करावा’. यावरून शिक्षककक्षात दोन तट पडले आहेत. असा विषय व्यासपीठावर आणला की त्या गोष्टीला आपणच प्रतिष्ठा देतो, असे काही सहकाऱ्यांना वाटते. मला वाटते की ज्याची पुडी कुठे मिळते हे अकरावीतल्या मुलालाही ठाऊक आहे, त्याविषयी मुलांनी आडोशाला बोलण्यापेक्षा आमच्यादेखत बोलावे. प्राचार्यांनी निर्णयासाठी मला पंधरा दिवस दिले आहेत.

माझ्या मनात यानिमित्ताने दोन विद्यार्थी सारखे येतात. पहिल्याजवळ मित्राच्या गाडीवर बसलेला असताना थोडासा गांजा सापडला. त्या प्रकरणाला तीन वर्षे झाली, अजून निकाल नाही, आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला गेला की त्याचे वडील माझ्याकडे येऊन नुसते बसून राहतात. दुसरा पोलिसांना कधीच सापडला नाही. तो बारावीच्या वर्षी वर्गात येईनासा झाला, घरी गेले तेव्हा त्याने मला ओळखले, पण बोलताना त्याची वाक्ये मध्येच तुटत होती. पहिल्याकडे पाहिले की हा कायदा बदलावा असे वाटते आणि दुसऱ्याकडे पाहिले की तो आणखी कडक असावा असे वाटते.

थोडे वाचन केले आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की देशातील १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख माणसांनी, आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला हेही मुलांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या बहुतेक युक्तिवादांची सुरुवात तिथूनच होते. परंतु आपल्याकडे कायदा नेमका काय म्हणतो, वैद्यकशास्त्र काय म्हणते, आणि ‘कायदेशीर करा’ म्हणणारे नक्की काय मागत आहेत, हे मला नीट मांडता येत नाही. विषय घ्यावा का, आणि घेतला तर मुलांच्या हातात काय द्यावे?

सत्रवकील

ताई, विषय जरूर घ्या. मी नाशिकच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि या प्रकारचे खटले दोन्ही बाजूंच्या बाकांवरून पाहिले आहेत. या चर्चेतील निम्मा गोंधळ शब्दांमुळे होतो, म्हणून आधी शब्दांचे सांगतो.

आपल्याकडे लागू असलेला कायदा म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, ज्याला कोर्टात आणि ठाण्यात सगळे ‘एनडीपीएस’च म्हणतात. त्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेला पाला आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. चरस म्हणजे त्याच झाडाची राळ. पाल्यापासून होणारी भांग म्हणूनच या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे जाते. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. या वगळण्याचे मूळ १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्या कराराने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली, त्यामुळे सणावाराची भांग वाचली. खटल्यातही हा फरक फार मोलाचा ठरतो, कारण पंचनाम्यात पाला, बिया आणि काटक्या वेगळ्या न काढता सगळ्याचे मिळून वजन केले असेल, तर आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो.

आता शिक्षेविषयी. गांजाचे एक किलोपर्यंतचे वजन ‘अल्प प्रमाण’ समजले जाते आणि वीस किलोच्या वरचे ‘व्यावसायिक प्रमाण’. चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, आणि तिथे कलम ३७ मुळे जामीन मिळणे अतिशय अवघड. नुसत्या सेवनासाठी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या पहिल्या विद्यार्थ्यासाठी कायद्याच्या पुस्तकातील शिक्षा फार मोठी नाही. त्याला जे भोगावे लागत आहे ते निकालाच्या आधीचे आहे : अटक, रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची वाट, तारखा, पडताळणीच्या अर्जातील तो रकाना. अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर एकाच न्यायालयाने दहा वर्षांच्या अंतराने वेगळी मते दिलेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो जामीनपात्र मानला होता आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईला हे ठाण्याच्या बाकावर बसून समजावून सांगावे लागते, तेव्हा माझ्याकडे शब्द उरत नाहीत.

याच कायद्यात दोन दारे उघडी आहेत. व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाली, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, आणि दोष सिद्ध झाल्यावरही शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कलम ३९ ने न्यायालयाला दिलेला आहे. माझ्या अनुभवात या दारांपर्यंत फार थोडे लोक पोहोचतात, कारण कुटुंबाला ते सांगणारा कुणी भेटत नाही.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणाऱ्याला फौजदारी कायद्यातून बाहेर काढावे. पिकवणे आणि विकणे हा गुन्हा राहू द्यावा. पोर्तुगालने २००१ पासून साधारण दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांतील जाणकारांच्या मंडळापुढे पाठवण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळावे अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुलांना एक गोष्ट ठळकपणे सांगा की ‘शिक्षा काढणे’ आणि ‘दुकान उघडणे’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. कॅनडाने दुसरी पूर्ण केली, पोर्तुगालने फक्त पहिली.

सिडकोवासी

मॅडम, मी आपल्याएवढी शिकलेली नाही, पण वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. वकीलसाहेबांनी लिहिलेले सगळे खरे असेल. तरी घरात हे घडते तेव्हा काय होते, ते त्यात आले नाही.

माझा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. रात्रपाळीनंतर झोप येत नाही म्हणून मित्राने दिलेला झुरका घेतला, अशी सुरुवात. चार वर्षांत नोकरी गेली, लग्न मोडले, आणि आईच्या पोथीच्या पेटीतले पैसेही गेले. मग ज्याच्याकडून तो पुडी आणायचा, त्यानेच एक दिवस त्याला एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची रासायनिक नशेची पूड, दिली. नाशिककरांना एमडी म्हणजे काय हे आता सांगावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी इथून जवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीला आणला, तेव्हा आमच्या घरात कुणालाही आश्चर्य वाटले नाही.

गांजा साधा असतो, झाडपाल्याचा असतो, साधू ओढतात, असे तो आम्हाला सांगायचा, आणि मोबाइलवर परदेशातल्या दुकानांची चित्रे दाखवून ‘तिकडे सरकारच विकते’ असे म्हणायचा. उद्या इथेही कायद्याने परवानगी मिळाली, तर ज्या एका वाक्यावर आई त्याला अडवायची, ‘अरे, पोलीस धरतील’, ते वाक्यही तिच्याजवळ उरणार नाही. तिच्याजवळ दुसरे काही नव्हते. कायदा चांगला की वाईट हे मला ठरवता येत नाही, पण काढून घेण्याआधी त्या बाईच्या हातात दुसरे काय देणार, हे मला कुणीतरी सांगावे.

भावाला शेवटी आम्ही पुण्याला उपचाराला नेले, कारण इथे ज्या एका ठिकाणी आधी ठेवले होते तिथे त्याला मारहाण झाली. आता तो बरा आहे, भाजीची गाडी लावतो. आपल्या मुलांनी बोलावे, नक्की बोलावे. पण बाजूने बोलणाऱ्या मुलाला एकदा तरी अशा घरात बसवून मग बोलू द्या.

मनोवैद्य_गंगापूररोड

ताईंचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रसायने आहेत, त्यांपैकी दोन समजून घेतली तरी मुलांना पुष्कळ कळेल. टीएचसी नशा देते. सीबीडी नशा देत नाही, आणि त्याच्यापासून तयार झालेल्या औषधाला बालवयातील फेफऱ्याच्या दोन दुर्मीळ व कठीण प्रकारांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर टीएचसीसारख्या रसायनाचे औषध तिथे १९८५ पासून उपलब्ध आहे. म्हणजे ‘गांजा औषध आहे’ या वाक्यात तथ्य आहे, परंतु ते तथ्य मोजून दिलेल्या शुद्ध रसायनाचे आहे. तंबाखूत चुरून ओढलेल्या चिलमीला ते लागू पडत नाही. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखू मिसळूनच ओढला जातो, त्यामुळे तो सोडू पाहणाऱ्याला एकाच वेळी दोन व्यसने सोडावी लागतात. परदेशी आकडेवारीवर आधारलेल्या वादात हे कधीच येत नाही.

धोक्याविषयी मी दोन्ही टोकांच्या विरोधात आहे. गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो हे असत्य आहे. १८९३-९४ च्या भारतीय गांजा आयोगाने जवळपास बाराशे साक्षी नोंदवल्या, आणि वेड्यांच्या रुग्णालयांत १८९२ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. तेव्हा असे दिसले की अनेकांच्या कागदावर ‘कारण : गांजा’ हे पुरेशा चौकशीशिवायच लिहिले गेले होते. मर्यादित वापराने सहसा हानी होत नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यक नाही, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. समर्थक हा निष्कर्ष फार आवडीने सांगतात. पण तो १८९४ मधला गांजा होता. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या तपासणीत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ च्या सुमारास चार टक्के होते, ते २०१४ पर्यंत बारा टक्क्यांच्या आसपास गेले. बियांविना वाढवलेल्या मादी फुलांची लागवड हे त्याचे मुख्य कारण. एका नावाखाली आपण दोन वेगळ्या तीव्रतेच्या पदार्थांविषयी बोलत आहोत.

आणि वय. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. तो अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. भरतीपर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होते. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर ते प्रमाण कमी होते, पण नाहीसे होत नाही. कुटुंबात असा आजार असेल, सुरुवात पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाली असेल आणि रोजचा वापर असेल, तर माझ्या खुर्चीतून मी धोक्याची घंटाच वाजवीन. ताई, आपला दुसरा विद्यार्थी ज्या अवस्थेत दिसला, तशी तुटलेली वाक्ये मी दर आठवड्याला ऐकतो. त्यांपैकी काहींच्या मुळाशी गांजा असतो, काहींत आजार आधी सुरू होऊन ते मूल गांजाकडे वळलेले असते, आणि पहिल्या भेटीत हे ठरवता येत नाही. त्या मुलाच्या घरच्यांना अजूनही मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. उशीर झाला म्हणून थांबू नका.

गांजामुळे पुढच्या नशेकडे जाणे अटळ असते असे सिद्ध झालेले नाही. ओढणाऱ्यांपैकी बहुसंख्य तिकडे जात नाहीत. परंतु सिडकोच्या ताईंनी सांगितलेला मार्ग खरा आहे, कारण एकच विक्रेता दोन्ही विकतो. नेदरलँड्सने १९७६ मध्ये कायद्यात गांजा आणि अधिक घातक द्रव्ये वेगळी केली, त्यामागे हाच विचार होता की दोन्हींचे गिऱ्हाईक एकाच माणसाच्या दारात जाऊ नये. आपल्या जिल्ह्यात मालेगावकडे झोपेच्या गोळ्यांचा, ज्यांना तिथे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, गैरवापर वाढलेला आहे. तिथला विक्रेताही गिऱ्हाइकाला काय परवडते ते पाहून देतो.

माझे मत : खिशातल्या गांजासाठी मुलाला आरोपी करू नये. दुकानांना माझा ठाम विरोध आहे. जिथे नफा आहे तिथे जाहिरात येते, आणि कोणत्याही नशेच्या धंद्याचा मोठा नफा रोज घेणाऱ्या थोड्या लोकांकडूनच येतो, हे आपण दारूत पाहतोच. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा प्रतिबंधित यादीतून काढला, पुरेसे नियम होण्याआधीच हजारो दुकाने उभी राहिली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारला तो पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणावा लागला.

आता ताईंचा प्रश्न, ‘दुसरे काय देणार?’ आज तरी देण्यासारखे फार थोडे आहे, हे मान्य करतो. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. व्यसनमुक्तीसाठी केंद्राची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे. आपल्या भावाला ज्या ठिकाणी मारले, तसे कोणत्याही केंद्रात घडत असेल तर त्याची तक्रार मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली करता येते, आणि मारहाण हा उपचार कोणत्याही शास्त्रात नाही. भाऊ भाजीची गाडी लावतो हे वाचून फार बरे वाटले.

पंचवटीकर

साधूंचा उल्लेख झाला म्हणून थोडे लिहितो. माझे सारे आयुष्य रामकुंडाच्या परिसरात गेले. सिंहस्थात वैष्णव आखाडे आमच्याकडे तपोवनात उतरतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी. काही साधू चिलीम ओढतात हे मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि चिलमीला स्पर्शही न करणारे कितीतरी अधिक पाहिले आहेत, ज्यांची छायाचित्रे कुणी काढत नाही. एनडीपीएस कायद्यात साधूंसाठी वेगळी सवलत नाही, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगावी. जो माणूस घरदार सोडून, ठरलेल्या वेळी, गुरूच्या देखरेखीखाली चिलीम हाती घेतो, त्याचा दाखला कॉलेज रोडवर गाडीत बसून ओढणाऱ्या मुलाने द्यावा हे मला पटत नाही. परंपरेच्या नावाने परवानगी मागणाऱ्याने परंपरेतील बंधनेही मागावीत. २०२७ च्या पर्वण्यांसाठी लाखो लोक येतील तेव्हा हा विषय पुन्हा निघेलच. तोपर्यंत आपल्याच मुलांनी त्यावर नीट विचार केलेला असेल तर चांगलेच आहे.

द्राक्षबाग_निफाड

मॅडम, मुलांपैकी कुणी ‘शेतकऱ्याला फायदा होईल’ हा मुद्दा नक्की मांडेल, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो. एकरी लाखोंच्या उत्पन्नाचे व्हिडिओ आमच्या गटांवर दर आठवड्याला फिरतात.

पहिली गोष्ट, त्यात दाखवतात ते बहुधा औद्योगिक हेंप असते. झाड त्याच जातीचे, पण टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी. धागा आणि बियांसाठी अशा लागवडीला परवानगी देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यात कलम १४ खाली आधीपासून आहे, उत्तराखंडने २०१८ मध्ये त्याचा परवाना दिला, हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला, आणि हेंपच्या बिया व त्यांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्या राज्यात सर्वसाधारण शेतकऱ्यासाठी असा मार्ग खुला झालेला नाही. परवान्याशिवाय लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिरपूर तालुक्यात वनजमिनीवर लावलेला गांजा पोलीस उपटून जाळतात, त्या बातम्या सगळेच वाचतात. त्यात गुन्हा ज्याच्या नावावर पडतो तो बहुतेक वेळा कोरडवाहू गरीब माणूस असतो. पैसा पुरवणारा शेताच्या बांधावर कधी येतच नाही.

दुसरी गोष्ट ०.३ टक्क्यांची. हा आकडा ऐकायला सोपा वाटतो. आम्ही युरोपला द्राक्षे पाठवतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालावर वर्षाची कमाई टांगलेली असणे काय असते, ते मला ठाऊक आहे. २०१० मध्ये सीसीसी या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला. त्या हंगामात आमच्या भागात अनेक घरांतली लग्ने पुढे ढकलली गेली. ते द्राक्ष निदान दुसरीकडे विकता तरी येत होते. हेंपमध्ये बियाणे थोडे वेगळे निघाले किंवा काढणी लांबून फुलोरा जास्त पिकला, आणि अहवालात ०.३ ऐवजी ०.६ आले, तर ते पीक कायद्याच्या दृष्टीने गांजा होते. तो माल बाजारात नेता येणार नाही, आणि वर खुलासा द्यावा लागेल.

तिसरी गोष्ट मोठ्या कंपन्यांची. २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, वाइनच्या जातींच्या बागा लागल्या, आणि २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली तेव्हा याच दिंडोरी-निफाड पट्ट्यात लोकांनी त्या बागा तोडल्या. वाइनच्या द्राक्षाला खाणारे गिऱ्हाईक नसते, त्यामुळे कारखान्याने घेतले नाही की पर्याय संपतो. हेंपचेही तसेच होईल. मी त्या पिकाच्या विरोधात नाही. कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानात चाचणी घेतलेले बियाणे, तालुक्याच्या ठिकाणी तपासणी आणि खरेदीची लेखी हमी, हे तिन्ही आधी मिळाले तर मी स्वतः एक एकर लावीन. परंतु ‘शेतकऱ्याच्या भल्यासाठी’ असे म्हणून गांजाची दुकाने मागणाऱ्यांनी कृपा करून आमचे नाव पुढे करू नये.

सत्रवकील

निफाडच्या दादांनी व्यवहार उत्तम सांगितला. सिडकोच्या ताईंना मात्र मला उत्तर द्यायचे आहे. आपल्या आईजवळचे ‘पोलीस धरतील’ हे वाक्य काढून घेऊ नये, हे मला मनापासून समजते. पण त्याच वाक्यामुळे कित्येक आया मुलाला दवाखान्यात न्यायला घाबरतात, आपण सांगितले तर गुन्हा दाखल होईल या भीतीने दोन-दोन वर्षे लपवतात, आणि मग उशीर झालेला असतो. उपचारासाठी आपल्या भावाला पुण्याला नेण्याआधी आपणही किती दिवस घाबरून थांबला होता, हे सांगता येण्यासारखे असेल तर सांगा. डॉक्टरांच्या आणि माझ्या मतात अंतर फारसे नाही, दुकानांना माझाही विरोधच आहे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो मिळतो, असा दाखला मुले देतील. त्यावर माझे म्हणणे एवढेच की बंदी मोडली जाते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, आणि बंदी आहे म्हणून खाणाऱ्याला तुरुंगात घातले पाहिजे असेही नाही. गुटखा खाणाऱ्याला आपण कुठे पकडतो?

सिडकोवासी

वकीलसाहेब, चौदा महिने. आईला वाटायचे की डॉक्टर पोलिसांना कळवतील. आपण म्हणता ते कलम तेव्हा कुणी सांगितले असते, तर आम्ही आधी गेलो असतो. तरीसुद्धा दुकान नको.

जुई_जेलरोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्राचार्यांना काल भेटले आणि ही सर्व चर्चा छापून त्यांच्यापुढे ठेवली. विषय घ्यायचा ठरला आहे, मात्र त्याचे शब्द बदलले आहेत. ‘गांजा कायदेशीर करावा’ असे एकच विधान ठेवले असते, तर मुले कॅनडा आणि साधू यांच्यातच अडकून राहिली असती. आता पहिल्या फेरीचे विधान ‘स्वतःपुरता गांजा बाळगणे हा गुन्हा नसावा’ असे आहे आणि अंतिम फेरीचे ‘गांजाच्या विक्रीला परवानगी द्यावी’ असे आहे. त्यामुळे पहिल्या विधानाच्या बाजूने बोललेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या विरोधात बोलता येईल, आणि तसे करणाऱ्यांची संख्या मोठी असेल असा माझा अंदाज आहे.

सिडकोच्या ताईंचा प्रश्न मी त्यांचा उल्लेख न करता मुलांना दिला आहे. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक वक्त्याने आपल्या भाषणात त्याचे उत्तर द्यायचे आहे : घरातल्या माणसाने ओढायला सुरुवात केली आहे असे कळल्यावर त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जावे? एका मुलीने लगेच विचारले की उत्तर देण्यासाठी शासकीय रुग्णालयात जाऊन चौकशी केली तर चालेल का. तिला परवानगीचे पत्र दिले आहे.

दुसऱ्या विद्यार्थ्याच्या घरी मी शनिवारी जाणार आहे. डॉक्टरसाहेब, पहिल्या भेटीला त्याच्यासोबत आईवडील दोघांनीही यावे का, आणि त्याला ‘डॉक्टरांकडे चल’ हे कोणत्या शब्दांत सांगावे, एवढे कळवले तर उपकार होतील.

मनोवैद्य_गंगापूररोड

दोघेही आले तर उत्तम, पण ज्याच्याशी तो जास्त बोलतो त्याने यावेच. गांजाचे नाव काढू नका. ‘तुझी झोप नीट होत नाही, त्यासाठी दाखवून येऊ’ एवढेच म्हणा, कारण बहुतेक वेळा ते खरेच असते आणि त्यालाही ते पटते. येताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर आणायला सांगा. तो नाही म्हणाला तर पालकांनी त्याच्याशिवाय यावे. तशीही सुरुवात करता येते.